जुन्या मराठी पुस्तकांच्या छपाईमागच्या स्त्रिया डिजिटल संग्रहांतून कशा शोधाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १८६७ ते १९५० या काळातली मराठी पुस्तके आणि मासिके आता मोठ्या संख्येने स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. त्यांतून लेखिका सापडतात. पण प्रकाशिका, संपादिका, छापखान्याची मालकीण, मुद्रितशोधक किंवा जुळारी (छपाईचे खिळे जुळवणाऱ्या) म्हणून काम केलेल्या स्त्रिया शोधायच्या असतील तर सुरुवात कुठून करायची? शोधखिडकीत ‘बाई’ टाकले की रमाबाई, काशीबाई, लक्ष्मीबाई अशी ओळखीचीच नावे येतात.

तीच नावे पुन्हा पुन्हा येतात, कारण स्कॅन करणाऱ्या संस्थांनी प्रत्येक पुस्तकासाठी शीर्षक, लेखक, साल आणि फार तर प्रकाशनसंस्था एवढेच टंकले. स्त्रियांचे काम ज्या ओळींत लिहिलेले असते, त्या ओळी यादीत कधी चढल्याच नाहीत. म्हणून यादीत शोधत बसू नका. पुस्तकाची ठरावीक पाने डोळ्यांनी पाहा, ती सरकारी नोंदवह्यांशी ताडून बघा आणि आपली यादी स्वतः तयार करा. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

आधी पाने कोणती ते सांगतो. मराठी पुस्तकात अशा नावांची घरे ठरलेली असतात: मुखपृष्ठाची बाहेरची आणि आतली बाजू, नामपृष्ठाची मागची बाजू, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, शुद्धिपत्राच्या आसपासचा मजकूर, मलपृष्ठावरच्या जाहिराती आणि शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली मुद्रकाची बारीक ओळ. ‘हें पुस्तक अमुक यांनीं अमुक छापखान्यांत छापून प्रसिद्ध केलें’ अशा घाटाची ओळ जवळजवळ प्रत्येक पुस्तकात मिळते, कारण छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीसाठी केलेल्या १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण आणि प्रकाशकाचे नाव व ठिकाण छापणे बंधनकारक केले होते. तिच्याइतकीच महत्त्वाची आणि नेहमी दुर्लक्षित राहणारी ओळ म्हणजे ‘सर्व हक्क … यांचे स्वाधीन’. लेखक वारल्यावर दुसरी-तिसरी आवृत्ती काढणारी, छापखान्याशी व्यवहार करणारी, किंमत ठरवणारी व्यक्ती पुष्कळदा त्याची पत्नी असते. तिचे नाव नामपृष्ठावर नसते, ते हक्कांच्या ओळीत असते. म्हणून पहिली आवृत्ती पाहून थांबू नका. मरणोत्तर आवृत्त्या मुद्दाम काढून पाहा.

स्कॅनमध्ये नेमकी हीच पाने गळतात. ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांना कापडी बांधणी करताना कागदी मुखपृष्ठे काढून टाकलेली असतात. मासिकांची तर वर्षभराची फाइल बांधताना प्रत्येक अंकाचे वेष्टन आणि जाहिरातींची पाने फेकून दिली जात. संपादिकेचे नाव, वर्गणीचा पत्ता आणि ‘पत्रव्यवहार सौ. … यांच्या नावे करावा’ ही सूचना त्या वेष्टनावरच असे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी स्कॅनिंग प्रकल्पातून इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर आलेल्या प्रतींत पाने गळणे, उलटसुलट लागणे, दोन पुस्तके एकाच फाइलमध्ये येणे हे नित्याचे आहे. म्हणून एका पुस्तकाच्या जितक्या प्रती स्कॅन झाल्या असतील तितक्या सगळ्या उघडा. एका ग्रंथालयाच्या प्रतीत गेलेले मुखपृष्ठ दुसरीकडच्या प्रतीत जागेवर असते. आणि कोणतेही पान दिसले नाही तर नोंदीत ‘नाव नाही’ असे न लिहिता ‘पान उपलब्ध नाही’ असे लिहा. या दोन शब्दप्रयोगांत गल्लत झाली की पुढची सगळी मोजदाद खोटी ठरते.

आता सरकारी नोंदवह्या. या कामातला सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात कमी वापरलेला ऐवज हाच आहे.

वर सांगितलेल्या कायद्यानुसार पुस्तक छापून बाहेर पडल्यापासून एका महिन्यात त्याच्या प्रती सरकारात जमा कराव्या लागत आणि त्यांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटात छापली जाई. मुंबई इलाख्याच्या याद्यांत मराठी पुस्तके स्वतंत्र गटात येतात. प्रत्येक पुस्तकाबद्दल कायद्याने मागितलेले तपशील असे: शीर्षक व त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, लेखक-अनुवादक-संपादकाचे नाव, विषय, छपाईचे आणि प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, कितवी आवृत्ती, प्रती किती, खिळ्यांवर छापले की शिळेवर, किंमत, आणि सर्वांत शेवटी स्वामित्वहक्क कुणाकडे त्याचे नाव व राहण्याचे ठिकाण. हा शेवटचा रकाना आधी वाचा. पुस्तकाच्या स्कॅनमधून मुखपृष्ठ गेलेले असले तरी इथे मालकिणीचे नाव टिकून राहते, आणि राहण्याच्या ठिकाणामुळे ती व्यक्ती पुढे शोधता येते.

प्रती आणि किंमत हे रकानेही नुसते आकडे म्हणून सोडू नका. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ च्या पुस्तकाच्या पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. सगळ्या प्रती पूर्ण किमतीला खपल्या असत्या तरी हाती येणारी रक्कम होते ४,५०० आणे, म्हणजे २८१ रुपये ४ आणे. त्यातून कागद, छपाई, बांधणी आणि विक्रेत्याचे कमिशन वजा करायचे. असा हिशेब मांडला की ‘हे पुस्तक कुणाच्या पैशाने निघाले?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि स्त्रियांच्या प्रकाशनाचा इतिहास बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. हेच पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत विस्मरणात गेलेले होते. पाचशे प्रतींचे पुस्तक हरवायला वेळ लागत नाही. नोंदवहीतली एक ओळ मात्र उरते, कारण ती सरकारच्या सोयीसाठी ठेवलेली असते.

या याद्या इंग्रजीत आहेत. ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडच्या भारतीय त्रैमासिक याद्यांचे स्कॅनिंग केलेले आहे, मात्र ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या अनेक ऑनलाइन सेवा विस्कळीत झाल्या, त्यामुळे जुने दुवे मेलेले निघाले तर गोंधळू नका. त्यांच्या जोडीला जे. एफ. ब्लूमहार्ट यांच्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांच्या सूची (ब्रिटिश म्युझियमची १८९२ ची, तिची १९१५ ची पुरवणी आणि इंडिया ऑफिस ग्रंथालयाची १९०८ ची) आणि शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे दोन भाग) हाताशी ठेवा. दात्यांची सूची हा आपल्या कामाचा कणा आहे. तिच्यातून पुस्तक अस्तित्वात होते हे ठरवा आणि मग त्रैमासिक यादीत त्या सालात जा. पुस्तके उशिरा जमा होत, म्हणून प्रकाशनाच्या तिमाहीत नोंद मिळाली नाही तर पुढच्या दोन-तीन तिमाह्या चाळा.

साल ठरवताना शकाची काळजी घ्या. शके १८०४ म्हणजे १८८२ चा गुढीपाडवा ते १८८३ चा फाल्गुन. त्यामुळे शकात नुसते ७८ मिळवून इसवी साल लिहिले की पौष, माघ, फाल्गुनातली पुस्तके एक वर्ष आधीची ठरतात आणि तुम्ही चुकीच्या वर्षाची यादी चाळत बसता. महिना दिलेला नसेल तर ‘१८८२-८३’ असेच लिहा.

नियतकालिकांची गोष्ट वेगळी. वृत्तपत्राच्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापन करावे लागे, पण संपादकाचे नाव प्रत्येक अंकावर छापण्याची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे १९२२ च्या आधीच्या अंकावर संपादिकेचे नाव दिसले नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्या काळासाठी मुंबई सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक अहवालांकडे वळा. त्यांच्या वार्षिक तक्त्यांत पत्राचे नाव, ठिकाण, संपादकाचे नाव, जात, वय आणि खप असे रकाने असतात. साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्जवर अशा अहवालांचे बरेच खंड मोफत वाचता येतात.

तानूबाई बिर्जे यांचे उदाहरण घ्या. ‘दीनबंधु’ हे कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले सत्यशोधकी पत्र. ते चालवणारे, तानूबाईंचे पती वासुदेव बिर्जे १९०६ मध्ये वारल्यावर पत्र तानूबाईंनी चालवले आणि १९१२ पर्यंत त्यांचे संपादन होते. हे नीट दाखवायचे असेल तर १९०५ ते १९१३ अशी नऊ वर्षांची तक्त्यातली ओळ एकाखाली एक लावा. नाव कधी बदलते, वय आणि खपाचा आकडा खरोखर नव्याने भरलेला आहे की गेल्या वर्षीचाच उचललेला आहे, हे पाहा. कारकून जुना तक्ता पुढे चालवतो तेव्हा मेलेला संपादकही वर्ष-दोन वर्षे तक्त्यात जिवंत राहू शकतो. म्हणून एका वर्षाची नोंद हा पुरावा धरायचा नाही, सलग ओळ हा पुरावा धरायचा. आणि तक्ता व अंक यांत विरोध आला तर अंकाला मान द्या.

तुमचा शोध १९५० च्या पुढे जाणार असेल तर १९५६ नंतर हे काम फार सोपे होते. वृत्तपत्र नोंदणीच्या नियमांतल्या आठव्या नियमानुसार दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे: प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या मालक-भागीदारांची नावे. मासिकाची पूर्ण फाइल चाळायला वेळ नसेल तर प्रत्येक वर्षाचा मार्चचा अंक काढा आणि ‘नियम ८’ हे शब्द शोधा. तीस वर्षांच्या मासिकाची मालकी तीस पानांत समजते. सहसा हा मजकूर शेवटच्या काही पानांत, जाहिरातींच्या मध्ये कोंबलेला असतो.

फॉर्म ४ मध्ये मालक आणि संपादक दिसतात. टेबलावर बसून मजकूर उभा करणारी माणसे त्यात दिसत नाहीत. ‘स्त्री’ मासिक किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये सुरू झाले. विद्या बाळ तिथे १९६४ मध्ये रुजू झाल्या आणि १९८३ ते ८६ या काळात संपादक होत्या. नंतर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. म्हणजे फक्त ‘संपादक’ हा रकाना भरला तर त्यांच्या ‘स्त्री’मधल्या कामाची पहिली एकोणीस वर्षे कोरी राहतात. शांता शेळके आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये काही वर्षे उपसंपादनाचे काम करत होत्या, पण ग्रंथसूचींत त्या कवयित्री म्हणूनच भेटतात. अशा कामासाठी वर्धापनदिनाचे आणि दिवाळीचे अंक पाहा. त्यांत संपादकीय परिवाराची नावे, छायाचित्रे आणि ऋणनिर्देश असतात. छायाचित्राखालची ओळ हा फार चांगला पुरावा असतो, कारण तिथे माणसे रांगेने मोजलेली असतात.

आता हाताने करायच्या कामाकडे. समजा तुम्ही २०० पुस्तके निवडलीत. सगळ्यांची सगळी पाने यंत्राकडून वाचून घ्यायला जाऊ नका. प्रत्येक पुस्तकाची पहिली आठ आणि शेवटची चार चित्रे (म्हणजे स्कॅन केलेली पाने) घ्या, म्हणजे २,४०० चित्रे होतात. एका माणसाला ती महिनाभरात नीट तपासता येतात. इंटरनेट आर्काइव्हवर पीडीएफ उतरवू नका, तिच्यात चित्र फार दाबलेले असते आणि बारीक मुद्रकओळ फुटते. डाउनलोडच्या यादीत एकेका पानाची जेपी२ चित्रे असलेली झिप असते, ती घ्या. तिथला शोध मजकुरात चालतो असे गृहीत धरू नका. पूर्वी चढवलेल्या अनेक मराठी पुस्तकांना मजकूरच जोडलेला नाही, किंवा जोडलेला मजकूर निव्वळ कचरा आहे, कारण त्या वेळच्या तिथल्या यंत्रणेला देवनागरी वाचता येत नव्हती.

स्वतः मजकूर काढायला टेसरॅक्ट ही चित्रातली अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली पुरते. भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, कारण नामपृष्ठावर दोन्ही असतात. मुद्रकओळीचा तुकडा कापून वेगळा दिला तर निकाल खूप सुधारतो. जुन्या खिळ्यांमध्ये ‘ब’ आणि ‘व’ यांची गल्लत ठरलेली: ‘बाई’चे ‘वाई’ होते. शोधताना दोन्ही अक्षरे धरा आणि ‘ई’ऐवजी ‘इ’ आले तरी चालेल असा नमुना लिहा. मग वाई गावात छापलेली पुस्तके भराभर निकालात येतील. ती हाताने वगळा, नमुना आवळू नका. ‘सौ.’चे ‘सो.’ किंवा ‘सा.’ होते. ‘म’-‘भ’ आणि ‘घ’-‘ध’ यांच्या अदलाबदलीत आडनावे ओळखू येईनाशी होतात.

शुद्धलेखन हा दुसरा अडसर. १९६२ च्या नियमांआधी ‘यांनीं’, ‘त्यांचें’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार लिहीत. शोध घेण्याआधी तुमच्या मजकुराची एक प्रत अनुस्वार काढून ठेवा आणि शोध तिच्यात घ्या, मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा जपा. ‘ऱ्य’ हे अक्षर संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी साठवले जाते. एकात नुक्त्याचा ऱ असतो आणि दुसऱ्यात साध्या र नंतर न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधात ‘आचाऱ्यांनी’ एकदा सापडते आणि एकदा नाही. सगळीकडे एकच रूप करून घ्या.

शोधायचे शब्द नुसते ‘बाई’ आणि ‘सौ.’ नव्हेत. ‘गं. भा.’, ‘कु.’, ‘श्रीमती’, ‘प्रकाशिका’, ‘संपादिका’, ‘मालकीण’, ‘कुटुंब’, ‘मंडळी’ हे घ्या. इंग्रजी याद्यांतही ‘अमुकची पत्नी’ किंवा ‘विधवा’ अशा अर्थाचे शब्द शोधा. कायदेशीर कागदांत ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ हे शब्द सोन्यासारखे आहेत: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तसे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. तिचे आणि नवऱ्याचे नाव एकाच ओळीत मिळते आणि दोन टोके जुळतात. छापखान्याच्या व्यवहाराचे जुने कागद मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारी व्यक्ती सोबत हवी. यंत्राच्या भरवशावर ते सोडू नका.

रोमन लिपीतली नोंद ही आणखी एक डोकेदुखी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या यादीत दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहिलेले असते आणि ट, ठ यांच्यासाठी मध्येच अवतरणचिन्ह घुसवलेले असते. अमेरिकी ग्रंथालयांत उलट पद्धत आहे. तिथे शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही लिहितात, त्यामुळे कानिटकर हे ‘कानिटकरा’सारखे दिसतात आणि टिळक ‘टिळका’. मुंबईच्या त्रैमासिक यादीत तर कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. प्रत्येक नावासाठी किमान चार रोमन रूपे लिहून ठेवा आणि चारही टाकून पाहा.

यानंतरचा टप्पा नावे माणसांना जोडण्याचा, आणि बहुतेक कामे इथे बिघडतात. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच स्त्रीची तीन नावे. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केलेले ‘कळ्यांचे निःश्वास’ तिसऱ्या नावाने आले. यंत्राने केलेल्या यादीत या तीन वेगळ्या स्त्रिया होतात. उलट बाजूने ‘सौ. लक्ष्मीबाई जोशी’ या एका नावाखाली सहा वेगळ्या बायका गोळा होऊ शकतात. माझा नियम कडक आहे: नाव, गाव आणि काळ हे तिन्ही जुळले आणि त्याखेरीज नवऱ्याचे नाव, पत्ता किंवा छापखाना यांपैकी निदान एक धागा जुळला, तरच दोन नोंदी एक करायच्या. नाहीतर त्या वेगळ्या ठेवून ‘बहुधा हीच’ असा शेरा मारायचा. वेगळ्या ठेवलेल्या नोंदी पुढे केव्हाही एकत्र करता येतात. एकदा मिसळलेल्या नोंदी सोडवणे मात्र जवळजवळ अशक्य होते.

नाव सापडले म्हणजे काम सापडले असेही नाही, हे मनापासून सांगतो. आपल्याला नावे सापडावीत असे वाटत असते, आणि त्याच ओढीने आपण घसरतो. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याच्या धारकाकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याची सोय सरकारला दिली, आणि आक्षेपार्ह मजकूर छापला तर तो जप्त होई. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. त्या बारा वर्षांत छापखान्याचे प्रतिज्ञापन घरातल्या बाईच्या नावाने झालेले दिसले तर तीन शक्यता आहेत: ती खरोखर चालवत होती, नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून नाव पुढे केले होते, किंवा दोन्ही. नवरा सरकारी नोकरीत असेल तरी हाच प्रश्न येतो. कागदोपत्री नाव ही एक नोंद, आणि प्रत्यक्ष काम ही दुसरी. दुसरीसाठी पत्रव्यवहार, हिशेब, वर्गणीच्या पावत्या, समकालीन लेखातला उल्लेख यांपैकी काहीतरी हवे. मात्र नुसते नाव पुढे करणाऱ्या स्त्रीलाही यादीतून काढू नका. जामीन जप्त झाला असता तर कोर्टाचा कागद तिच्या नावाने आला असता. ती जोखीमही प्रकाशनाच्या इतिहासाचाच भाग आहे. पुरुषांनी बायकांच्या नावाने लिहिण्याचीही चाल होती, तेव्हा मासिकातली ‘एक भगिनी’ ही स्त्रीच होती असे धरून चालू नका.

‘पहिली’ हा शब्द शक्यतो वापरूच नका. ‘आतापर्यंत मिळालेली सर्वांत जुनी नोंद’ असे लिहा.

काही काम असे आहे की त्याला एकेकटीचे नाव मिळणारच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना उभा केला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी ही कामे तिथल्या स्त्रियांनी आणि मुलींनी केली. एवढा मोठा ग्रंथ, बारीक टाइप, पानापानावर वचनांचे आकडे, असे जुळणीचे काम करणारे हात कुशलच असणार. यादीत मात्र तुम्हाला फक्त भाषांतरकार दिसेल. अशा वेळी ‘मुक्ती मिशनमधील स्त्रिया, सामूहिक, काम: जुळणी, छपाई, बांधणी’ अशी समूहाची नोंद करा आणि ती व्यक्तींच्या नोंदीइतकीच पूर्ण भरा. मिशनचे वार्षिक वृत्तांत आणि छापखान्याची छायाचित्रे हा इथला मुख्य आधार. मोठ्या छापखान्यांत फर्म्यांच्या (छापलेल्या मोठ्या कागदांच्या) घड्या घालणे, शिवणे, चिकटवणे ही कामे करणाऱ्या मजूर स्त्रियांसाठी पुस्तकांपेक्षा कामगारविषयक अहवाल आणि पगारपत्रके उपयोगी पडतात.

आणि जे स्कॅन झालेलेच नाही त्याचे काय? आज मोफत मिळणारा साठा मुख्यतः शहरांतल्या जुन्या ग्रंथालयांचा आहे, आणि त्या ग्रंथालयांत कुणाची पुस्तके विकत घेतली गेली हे जातीने ठरलेले होते. फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मुक्ताबाई यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आपल्याला मिळाला, कारण तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला आणि मिशनच्या पत्राच्या फाइली जपल्या गेल्या. १८६७ च्या आधीचा तो काळ असल्याने त्रैमासिक यादीचा आधार तिथे नाहीच. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या कामाची माहिती मिळवण्यासाठी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना घरोघर जाऊन मुलाखती घ्याव्या लागल्या. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ तयार झाले. तेव्हा तुमच्या तक्त्यात दलित-बहुजन स्त्रिया कमी दिसल्या तर त्या नव्हत्या असा निष्कर्ष काढू नका. पत्रके, जलशांच्या पुस्तिका, जयंतीच्या स्मरणिका, घरातल्या पेट्या हे साठे अजून यंत्राखाली आलेले नाहीत. मुंबईतल्या ‘स्पॅरो’सारख्या स्त्रीविषयक संग्रहात ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. छापील पुराव्याला त्यांची जोड द्या. कुटुंबाकडून पत्रे किंवा वह्या घेतल्या तर काय प्रसिद्ध करायचे ते आधी लेखी ठरवून घ्या.

प्रत्यक्ष प्रत पाहायची वेळ येतेच. मुंबई एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे डिजिटल भांडार घरबसल्या पाहून घ्या. मग दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर इथे जा. जाताना फक्त ‘पान उपलब्ध नाही’ असा शेरा असलेल्या पुस्तकांची यादी न्या. न बांधलेले, सुटे अंक मागा. ग्रंथपालांना ते निरुपयोगी वाटतात, आपल्याला मात्र नेमके तेच हवे असतात.

तक्ता साधा ठेवा. एका ओळीत एकच माणूस, एकच काम, एकच पुरावा. काशीबाई कानिटकरांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र’ १८८९ चे आणि त्याची पुढची आवृत्ती १९१२ ची, तर दोन आवृत्त्यांच्या वेगवेगळ्या ओळी. रकाने असे: नाव जसे छापले तसे, ठरवलेले एक रूप, इतर नावे, काम, पुस्तक किंवा अंक, आवृत्ती, साल छापले तसे, इसवी साल, ठिकाण, छापखाना, हक्क कुणाचे, पुराव्याचे पान व चित्रक्रमांक, आणि पुराव्याची प्रत (म्हणजे दर्जा). प्रत मी चार अक्षरांनी लिहितो: ‘अ’ म्हणजे पुस्तकावर छापलेले, ‘आ’ म्हणजे सरकारी नोंद, ‘इ’ म्हणजे समकालीन उल्लेख किंवा ऋणनिर्देश, ‘ई’ म्हणजे नंतरची आठवण. ‘ई’ला कमी लेखू नका, पण ती ‘अ’ म्हणून खपवूही नका.

पानांची चित्रे पुढे प्रसिद्ध करायची असतील तर स्वामित्वहक्काचा हिशेब आधी करा. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. काशीबाई १९४८ मध्ये वारल्या, त्यांचे लेखन २००९ पासून मुक्त आहे. मालतीबाई २००१ मध्ये वारल्या, त्यांचे २०६१ अखेरपर्यंत नाही. टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून ६० वर्षे लागतात, पण ती मुदत संपण्याआधी खरे नाव जाहीर झाले असेल तर पुन्हा मृत्यूपासूनच मोजायचे. म्हणून ‘विभावरी शिरूरकर’ या नावावर छापले आहे एवढ्यावरून १९३३ चे पुस्तक मोकळे समजू नका.

शेवटी तुमच्या नोंदी मूळ संग्रहांकडे परत पाठवा. इंटरनेट आर्काइव्हला चुकलेल्या शीर्षकाची किंवा सुटलेल्या नावाची दुरुस्ती कळवता येते, आणि विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर संपादक, प्रकाशक, टोपणनाव, जन्मनाव यांसाठी वेगळे गुणधर्म आहेत, ते स्वतः भरता येतात. प्रत्येक विधानाला पुस्तकाचा दुवा आणि चित्रक्रमांक जोडा. नुसत्या पृष्ठक्रमांकावर भागत नाही, कारण नामपृष्ठाला आणि मुखपृष्ठाला पृष्ठक्रमांक नसतोच.